नळी पोस्टानं येते, अ‍ॅक्शन नाही

अमेरिकेच्या कायद्याला रायफल म्हणजे फक्त अ‍ॅक्शनचा, म्हणजे काडतूस नळीत सारून बंद करणाऱ्या यंत्रणेचा, सांगाडा. नळी, दस्ता, ट्रिगर, दुर्बीण सगळं ऑनलाइन मागवा, कुरिअरवाला दारात ठेवून जातो. पण बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, ज्यात पुढे-मागे सरकतो त्या पोलादी तुकड्यावर नंबर असतो. त्याच्यासाठी परवानाधारक दुकानात जायचं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा आणि पार्श्वभूमीची तपासणी होईपर्यंत थांबायचं. एच-वन-बीवाल्यांना शिकारीचा परवाना काढून बंदूक घ्यायचा मार्ग असतो. मी मात्र ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. आपल्याकडे ७.६२ बोअर सर्वसामान्य माणसाला बंद, आणि इथे तिचंच नागरी भावंड असलेली .३०८ विंचेस्टर कुणीही खेळतो. बरं की वाईट, ते मी सांगत बसत नाही.

मला खरं कौतुक वाटलं ते आमच्या गावातल्या गनस्मिथचं. मी गेलो तो थेट 'रेमिंग्टन ७०० द्या' म्हणत. १९६२ पासूनची अ‍ॅक्शन, जिचे सुटे भाग जिथे-तिथे मिळतात. म्हातारा म्हणाला, आधी काडतूस ठरव. कारण बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाच्या मापाचं लागतं. .३०८ किंवा साडेसहा क्रीडमूरचं बूड सुमारे १२ मिलिमीटर, सिक्स पीपीसीचं ११.३. लांब पल्ल्याला क्रीडमूर घे; .३०८ घेतलीस तर नळी जास्त टिकेल, पण खांद्याला धक्काही जास्त. शंभर यार्डांवर टेबलावर रायफल टेकवून एकाच भोकात पाच गोळ्या घालायच्या असतील तर पीपीसी. ही पाल्मिसानो आणि पिंडेल या दोघांनी १९७५ च्या सुमारास .२२० रशियन काडतुसावरून बनवली. काडतुसाची पुंगळी आखूड, जाडी. बेंचरेस्टवाले, म्हणजे अशी रायफल टेकवून मारणारे, अजून तिलाच धरून आहेत.

मग त्याने लेथवर कुणाची तरी कारखान्याची अ‍ॅक्शन चढवून दाखवली. बोल्टच्या दोन लग्जना, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या खुंट्यांना, निळा रंग फासला, बोल्ट बंद करून उघडला. एका लगचा रंग पार पुसलेला, दुसऱ्याचा जसाच्या तसा. म्हणजे बार उडताना सगळा जोर एकाच बाजूवर. लग्ज घासून सारख्या करायच्या, सांगाड्याचं तोंड आसाला काटकोनात आणायचं. ह्या मजुरीत मुळातच अचूक बनवलेल्या कस्टम अ‍ॅक्शनची बरीचशी किंमत निघते. शेवटी मी तीच घेतली, सिंगल शॉट. मॅगझिनसाठी खालून कापलेली नसल्यामुळे ताठ राहते.

तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली आणि स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं, दोघंही आमच्या कोल्हापूरकडचे, हे मी त्याला ऐकवलंच. तो मान डोलावून पुन्हा लेथकडे वळला. त्यांच्या .२२ ची काडतुसं माझ्यासारखी घरी दारू-गोळी घालून बनवता येत नाहीत. कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघायचे आणि जमला तो लॉट घ्यायचा. माझ्यापेक्षा त्यांचं काम अवघडच म्हणायचं.

घरी कळल्यावर मामांचा फोन. "काय रं, तिकडं जाऊन बंदूक घेतलीस व्हय?" कागदावर भोकं पाडायचा खेळ आहे, तिजोरीत कुलपात असते, असं सगळं समजावलं. "मामा, हिला मॅगझिनच न्हाई. एका वेळी एकच गोळी."

"मग एवढं पैसं कशाला घातलंस?"