थांबलेली खडखड

घर तापवणारं गरम पाणी फिरवणाऱ्या पंपाची मोटर चालू होती. तिची घरघर तळघराच्या पायऱ्यांवरूनच ऐकू येत होती. बॉयलरच्या काट्यावर १८० अंश फॅरनहाइट, बर्नर आपली मर्यादा गाठून बंद झालेला. आणि वर दिवाणखान्यात ५२ अंश, म्हणजे जेमतेम ११ सेल्सिअस.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी २०२३. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या हिवाळ्यात राहिलेल्या कुणालाही ती रात्र आठवत असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे बॉस्टनमध्ये पारा उणे १० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे २३ सेल्सिअसवर गेला. १९५७ नंतर तिथे एवढी थंडी पडली नव्हती. मी हीटिंगची कामं करतो आणि त्या रात्री ड्यूटीवर होतो. वुस्टरमधल्या या जुन्या घरात मी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दार उघडलं काकूंनी, साडीवर दोन स्वेटर आणि वरून मुलाचं जाकीट. मुलगा-सून कामासाठी बाहेरगावी. मी मराठी बोलतो म्हटल्यावर काकूंचा चेहरा सैलावला. काका मात्र सरळ तळघराकडे निघाले. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागांवर काढलेला माणूस, बिघाड समोर असताना बसून राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

बॉयलर गरम, घर गार, म्हणजे बॉयलरमधलं गरम पाणी पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरांपर्यंत फिरत नाहीये, एवढं उघड होतं. बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपला हात लावला, बर्फासारखा. पहिला संशय आत अडकलेल्या हवेचा. वरच्या मजल्यावर जाऊन बिडाच्या दोन रेडिएटरांच्या हवा काढायच्या चाव्या सोडून पाहिल्या. हवा नाही, लगेच पाणी आलं. पाण्याचा दाब दर चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास होता. १२ पौंडांचा दाबसुद्धा पाणी साधारण २७ फूट उचलून धरतो, तेव्हा पाणी वर पोचत नाही असंही नव्हतं. मोटरच्या तारांवर मीटर लावला, १२० व्होल्ट बरोबर.

अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, पंप जळला, नवा बसवा. मला ते पटत नाही. बिघाड कशामुळे झाला हे कळलं नाही तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. म्हणून काकांनाच विचारलं, "गेल्या दोन-चार दिवसांत काही आवाज येत होता का?"

"येत होता की. परवापासून नुसती खडखड. मी तेल घातलं, आणि आज दुपारी थांबली बघ."

तिथेच मला कळलं. स्विच बंद केला आणि मोटर नि पंप यांच्या मधल्या फटीतून बॅटरी मारली. या जुन्या पद्धतीच्या पंपाचे तीन भाग असतात. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा, आणि मध्ये बेअरिंगच्या बैठकीत दोन्ही दांडे जोडणारं स्प्रिंगचं कपलर. त्याची स्प्रिंग तुटली होती. मोटर एकटीच फिरत होती, पंख्याला त्याचा पत्ताच नव्हता. खडखड तेलामुळे थांबली नव्हती. स्प्रिंग पुरती तुटली म्हणून थांबली होती.

मग स्प्रिंग का तुटली? मोटर ज्या रबरी कड्यांवर टेकलेली असते, त्यांना बोट लावलं तर ती तेलाने फुगून लोण्यासारखी मऊ झालेली. मोटर खाली झुकली होती, दोन्ही दांडे एका रेषेत राहिले नव्हते, आणि प्रत्येक फेऱ्याला ती स्प्रिंग पिळवटत होती. खाली फरशीवर तेलाचा काळा डाग. काका रोज सकाळी तेल घालत होते. मागाला रोज तेल लागतं. या पंपाला वर्षातून दोन-तीनदा काही थेंब पुरतात, आणि हल्लीच्या बंदिस्त पंपांना तर तेल लागतच नाही, त्यातलं पाणीच वंगणाचं काम करतं.

कपलर आणि रबरी कडी गाडीत नव्हती. दुकान सकाळी सातला उघडणार. बाहेर पारा उतरतच होता. तळघराच्या भिंतीतले पाइप रात्रीत गोठले असते तर पाइप फुटून घरभर पाणी झालं असतं.

पण पाइप पाहिले आणि जिवात जीव आला. चांगले जाड होते. हे घर पंपाच्या आधीच्या काळातलं. तेव्हा गरम पाणी हलकं होऊन आपसूक वर चढायचं आणि गार झालं की जड होऊन खाली यायचं. पंप नंतर आला, आणि पाणी नको तेव्हा फिरू नये म्हणून पाइपवर फ्लो व्हॉल्व्ह बसवला गेला. त्याच्या डोक्यावर एक खिट्टी असते. ती उघडली की व्हॉल्व्ह मोकळा होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती खिट्टी अशा कामासाठी मी पहिल्यांदाच उघडली.

वीस मिनिटं काही नाही. मग वर जाणारा पाइप कोमट होत गेला, आणि तासाभराने वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरला काकूंनी दोन्ही तळवे लावले. या पद्धतीत वरचा मजला आधी तापतो, म्हणून त्यांना वरच झोपायला सांगितलं, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायला लावली आणि नळ बारीक धारेने सोडला. पहाटे चारला फोन केला तर काकाच बोलले, "एकोणसाठ दाखवतंय. झोप तू आता."

सकाळी भाग घेऊन गेलो. मोटर आणि कपलर पाण्याबाहेर असल्यामुळे घरातलं पाणी काढावं लागलं नाही. चाळीस मिनिटांत काम झालं. पुढच्या तासाभरात परत येणारा पाइपही तापला. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात वीस अंशांचा फरक, हवा तितकाच.

तेलाबद्दल काकांना सांगावं की नाही, यावर मी गाडीत बराच वेळ विचार केला होता. सांगितलं. ते थोडा वेळ मोटरकडे बघत राहिले.

"म्हणजे माझ्यामुळेच."

"काका, तेल घालायचंच असतं. फक्त थोडं."

"किती थेंब ते नीट सांग."

मी सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्याकडून चिकटपट्टीचा तुकडा मागून घेतला, त्यावर महिने आणि थेंब मराठीत लिहिले आणि तो मोटरच्या वर, दिव्याखाली दिसेल असा भिंतीवर चिकटवला. तेलाची कुपी त्यांनी पुसून माझ्या हातात दिली आणि वरच्या फळीवर ठेवायला सांगितली.