हुरडा, हातमाग आणि हॅस्केल

गड्ड्यावरचे, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेतले, पाळणे उतरायच्या आधीच आमच्या कॉलेजात फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे किमती बदलत न बसता सगळं फंक्शनांनी करायच्या पद्धतीच्या, कार्यशाळेची गडबड सुरू व्हायची. जानेवारीशिवाय दुसरा महिना कधी कुणी सुचवलाच नाही. एप्रिलमध्ये सोलापुरात पाहुणा बोलवायचा म्हणजे पुढच्या वर्षी तो न येण्याची सोय. पाहुणे बहुधा पुण्याचे, रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं उतरायचे. त्यांना आणायला स्टेशनवर जायचा मान तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा.

कार्यशाळा चालवायचे ते आमचे सर. बाकीच्या शिक्षकांना आडनाव लावावं लागायचं, यांना नुसतं ‘सर’. पहिला दिवस अख्खा फळ्यावर जायचा. अलोन्झो चर्चनं १९३० च्या दशकात मांडलेलं लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे संगणक जन्मायच्या आधीची गोष्ट. फंक्शनमध्ये किंमत घाला, सोपं करा, पुन्हा सोपं करा. सी ही भाषा शिकून आलेली मुलं वैतागायची. “सर, व्हेरिएबल बदलायचंच नाही तर लूप कसं फिरवायचं?” त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर: “आय बरोबर आय अधिक एक, असं गणिताच्या पेपरात लिहिलं असतंस तर मास्तरांनी कानाखाली दिली असती. इथं रोज लिहितोस.” मग रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच बोलावणारं फंक्शन.

बॅकसची गोष्टही दरवर्षी व्हायचीच. ज्या माणसाच्या गटानं फोरट्रान ही भाषा केली, त्याच जॉन बॅकसनं १९७७ चा ट्यूरिंग पुरस्कार घेताना, एकेक किंमत बदलत पुढं जाणाऱ्या त्या सगळ्या पद्धतीवरच टीका केली. ही गोष्ट सांगताना सरांना इतका आनंद व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, भाषण यांनीच लिहून दिलं होतं.

ते दिवस लोडशेडिंगचे. लॅबमधली वीज गेली की कागद वाटले जायचे आणि प्रोग्रॅम हातानं चालवायचा. माझ्या मते खरं शिकणं तेव्हाच झालं. वीज असली की मुलं एंटर दाबून मोकळी.

दुसऱ्या दिवशी हॅस्केल ही फंक्शनल भाषा. तिचं ठरलं १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका परिषदेत, पहिला अहवाल आला १९९० मध्ये, आणि नाव हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं. जेवणाच्या रांगेत त्या आडनावावर विनोद झाला नाही, असं एकही वर्ष गेलं नाही. सर एकपासून अनंतापर्यंतची यादी लिहायला लावायचे, मग तिच्यातले पहिले दहा आकडे मागायचे. मागच्या बाकावर सगळे मशीन लटकायची वाट बघत असायचे. दहा आकडे निमूट छापून यायचे. मागितलं तेवढंच काढायचं, बाकी तसंच ठेवायचं, हे लेझी इव्हॅल्युएशन समजावून सांगायला मग वेगळं भाषण लागायचं नाही.

दुपारी पाहुण्यांना चादरीचा कारखाना दाखवायला न्यायचं. एका वर्षी जकार्डवरची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावरची, भोकाभोकांची कार्डं बघून वाद पेटला. एक म्हणाला, ही तर सूचनांची यादी, सरळ सी. पद्मशाली घरातली, मागाच्या खडखडाटात वाढलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, तेच कार्ड लावलं की दरवेळी तेच फूल येतं, मग हे शुद्ध फंक्शनच. “आणि धागा तुटला तर?” “तो साइड इफेक्ट!” पाहुणे हसत राहिले. कारखान्याचे मालक मात्र धाग्याबद्दल गंभीर झाले.

संध्याकाळी एका शेतावर हुरडा. गूळभेंडीची कोवळी कणसं, शेंगाचटणी, दही, आणि मराठी, कानडी, तेलुगू तिन्हींत चालणारं भांडण: टाइप, म्हणजे किंमत आकडा आहे की अक्षरं हे, आधी तपासावेत की चालवताना बघून घ्यावं? एका बाजूला १९५८ पासूनची मॅकार्थीची लिस्प ही भाषा, जी चालवताना बघून घेते, दुसऱ्या बाजूला रॉबिन मिल्नरची एमएल, जी न सांगता टाइप आधीच ओळखून घेते. कानडी बोलणारे सगळे लिस्पकडे का, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

पुढं २०१४ मध्ये जावा या भाषेच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, आला, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या एकानं आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, “सर, तुमचा पाहुणा आमच्या ऑफिसात आलाय.” व्हॉट्सॲपचा सर्व्हरच एरिक्सन कंपनीत जन्मलेल्या एर्लंग या फंक्शनल भाषेत लिहिलेला, त्यामुळे सरांच्या मते हे सांगायला जागाही योग्य होती. त्यांनी उलट एवढंच विचारलं: त्या लॅम्डाच्या आतून बाहेरचं लोकल व्हेरिएबल बदलता येतं का? येत नाही, असं कळल्यावर त्यांनी लिहिलं, “मग बसू दे त्याला.”