पाणी नाकातून आलं

जुलैतली सकाळ, सव्वासहाची वेळ. विशीतल्या मुलाला जीपमधून उतरवलं तेव्हा पापण्या अर्ध्या मिटलेल्या, दंडाला सुतळी करकचून बांधलेली, ओठांवर कडुलिंबाचा चघळलेला पाला. सिस्टर चिडल्या, "रात्रभर भगताकडे बसलात? आधी इथं का नाही आणलंत?" आईने पदर तोंडाला लावला आणि ती बोलायचीच बंद झाली.

मला त्या क्षणी तिच्या बोलण्याची फार गरज होती. मण्यार या विषारी सापाचा दंश बहुतेकदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही सापडतीलच असं नाही. 2 मिलि रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवलं, तर ते नेहमीसारखं गोठतं, म्हणजे या तपासणीतही विष दिसत नाही. मग उरतात घरच्यांनी सांगितलेल्या वेळा, आणि रागावलेल्या माणसाला त्या कोणी सांगत नाही.

मुलाला कुशीवर वळवलं, तोंडातला पाला काढला, सक्शन लावलं. मग आईशेजारी उकिडवी बसले. "मावशी, तुम्ही त्याला वाचवायलाच धडपडलात. रात्रीपासून काय काय झालं, तेवढं सांगा."

जमिनीवर झोपला होता. तीनला पोट दुखलं, उलटी झाली; शिळं खाल्लं असेल म्हणून ओवा दिला. पाचला डोळे मिटायला लागले. "भगत म्हनला, पान लागलंय. पाला कडू लागंना. पानी पाजलं तं नाकातनं आलं." पान लागणं म्हणजे साप चावणं; कडुलिंब कडू लागेना की विष चढलं, अशी समजूत.

पाणी नाकातून येणं म्हणजे टाळूचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले. श्वासाचे स्नायू त्यानंतर जातात. एका श्वासात मोजायला लावलं: 14. वीस मिनिटांनी 11.

प्रतिविषाच्या 10 कुप्या काढल्या. प्रत्येकीत 10 मिलि निर्जंतुक पाणी घालून कुपी हलकेच गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. सगळं सलाइनमधून तासाभरात. रिअॅक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून 0.5 मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं. सुतळी मात्र ठिबक सुरू झाल्यावर, नाडी बघत, हळूहळू सैल केली. एकदम सोडली तर अडलेलं विष एका लोंढ्यात अंगभर जातं. मण्यारीच्या विषाने एकदा आलेला लुळेपणा प्रतिविषाने लगेच उतरत नाही, म्हणून 108 बोलावून व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पाठवलं. वाटेत लागली तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, सोबत दिली.

भगत फाटकाबाहेरच उभा होता. डोळे नेमके कधी मिटायला लागले, ते त्यालाच पक्कं आठवत होतं. त्याने विचारलं, "बांधायचं नाही, तं करायचं काय?" त्याच्याच हाताला फळी लावून दाखवली: पट्टी अशी की खालून एक बोट सहज जावं, हात हलू द्यायचा नाही, खायला-प्यायला काही नाही, आणि 108.

मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता शेतात लावणीला जातो.

श्रावणात भगताने एका बाईला पाठवलं. पायाला छत्रीची दांडी, वर लुगड्याची सैल पट्टी, आणि सोबत आलेल्या पोराकडे निरोप: "साडेचारला पान लागलं. पानी दिलं नाही."