मामा, सुरुवात कुठून करू?

भाचीने विचारलं, "मामा, सुपरहिरोंचे पिक्चर सगळे बघून झाले, आता कॉमिक्स वाचायचीत, कुठून सुरू करू?" आणि मी नेमका शहाणपणा केला, थेट वॉचमेन दिलं हातात. १९८६-८७ सालचं, बारा अंकांचं, भारीच आहे हो, पण ते सुपरहिरोंची चिरफाड करणारं पुस्तक, आधी सुपरहिरो आवडायला तर हवेत ना! पंधरा दिवसांनी परत आलं तेव्हा बुकमार्क म्हणून घातलेलं लोकलचं तिकीट तिसाव्या पानावरच होतं.

"एक नंबरपासून वाच" हा सल्ला पण बेकार. स्पायडरमॅन आला १९६२ मधे, तेव्हापासूनचे अंक वाचत बसली तर पोरगी रिटायर होईल, वर एका अंकात सुरू झालेली गोष्ट भलत्याच हिरोच्या अंकात जाऊन संपते. आमच्या बाबांना बरं होतं, इंद्रजाल कॉमिक्सचा एक वेताळ उचलला की काम झालं.

तर बॅटमॅनसाठी 'इयर वन'. १९८७, फक्त चार अंक, लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली. खरं तर बॅटमॅनइतकीच ती गॉर्डनची गोष्ट, बदली होऊन आलेला पोलीसवाला आणि खात्यात वरपासून खालपर्यंत सगळे खाणारे. हे आपल्याला काय वेगळं समजवायला लागतंय?

पण तिला खरं लागलं ते हॉकआय. लेखन मॅट फ्रॅक्शन, चित्रं डेव्हिड आहा (Aja), २०१२ पासूनचं. धनुष्यबाणवाला हिरो सुट्टीच्या दिवशी काय करतो, तर बिल्डिंगच्या भाडेकरूंसाठी गुंडांशी पंगे घेतो आणि मार खातो. त्यातला अकरावा अंक पूर्ण कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात ते त्याला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही, ओळखीचे दोनचार शब्द तेवढे वाचता येतात, बाकी सगळा वासांचा नकाशा, कोणाला कसला वास येतो त्याची छोटी छोटी चित्रं. ह्या एका अंकाला २०१४ मधे आयस्नर, म्हणजे कॉमिक्सचं मोठं बक्षीस, मिळालं. स्लो ट्रेनमधे माझ्या शेजारी बसून वाचत होती, घाटकोपर आलं तरी पान तेच, मी म्हटलं अडकलीस का, तर म्हणे "थांब ना, हा वास कोणाचा ते शोधतेय." फक्त एक लक्षात ठेवा, अंक एकत्र बांधून पुस्तकाचे भाग निघतात, त्यात हा अंक दुसऱ्या भागात आहे, पहिला घेऊन थांबू नका.

मिस मार्व्हल (२०१४, कमला खान, जर्सी सिटी) पण द्या, पार्टीला जायचं नाही म्हणणारे अम्मी-अब्बू बघून आमच्या ताईचीच आठवण आली.

नवीन पुस्तकं महाग पडतात म्हणून मी किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आधी शोधतो, पण तिथे हमखास भाग तीन मिळतो आणि एक-दोन गायब. घासाघीस सुरू करायच्या आधी पाठीवरचा आकडा बघा, मी तसे चार तिसरे भाग घेऊन बसलोय.