लाल तेल म्हणजे सगळं एकच नसतं

मागच्या एप्रिलमधे आमच्या ऑटोमॅटिक गाडीने आप्पांना तोरणमाळ दाखवायला निघालो होतो. शहादा, म्हसावद, राणीपूर करत घाटाला लागलो आणि पुढे एक माल भरलेला ट्रक आडवा आला, पहिल्या गिअरमधे रांगतोय, ओव्हरटेकला जागा नाही, गाडीत आम्ही पाच जण, एसी फुल आणि बाहेर ४३. मी डी म्हणजे ड्राइव्ह मधेच होतो, जरा ॲक्सिलरेटर जरा ब्रेक असं करत त्याच्या मागे मागे. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मीटरमधे एटी ऑइल टेम्पचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल तापल्याचा, पिवळा दिवा लागला आणि लगेच वास आला, फोडणी करपल्यासारखा पण जरा आंबूस. इंजिनचा काटा मात्र मधोमध, एकदम नॉर्मल. मागून आप्पा म्हणाले, "काय व्हयनं रे?"

मागून येणारा एक जीपवाला थांबला आणि म्हणाला दादा पहिले गाडी बंद करा, थंड होऊ द्या. त्याने आपुलकीनेच सांगितलं पण ऑटोमॅटिकला हे चालत नाही. गिअरबॉक्समधलं लाल तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद केलं की पंप बंद, आणि तापलेलं तेल आहे तिथेच बसून राहतं. ते थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, म्हणजे कूलरपर्यंत, जातच नाही. म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं, हँडब्रेक ओढला, चाकामागे दोन मोठे दगड लावले, गाडी न्यूट्रलला घेतली, एसी बंद केला आणि इंजिन चालूच ठेवलं, अधूनमधून आरपीएम १२०० च्या आसपास नेत. पार्कमधे का नाही तर काही गिअरबॉक्समधे पार्कला कूलरकडे तेल जातच नाही, न्यूट्रलला जातं. बारा-पंधरा मिनिटांनी दिवा गेला. मग मॅन्युअल मोडला टाकून पहिला-दुसरा गिअर धरून, ट्रकला बरंच अंतर देऊन हळूहळू वर चढलो. यशवंत तलावाजवळ बसून आप्पांनी भाकरी खाल्ली पण माझं सगळं लक्ष गाडीखाली काही टपकतंय का तिकडेच.

आता उष्णता येते कुठून ते सांगतो, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ऑटोमॅटिकमधे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाने फिरतो. दोघांच्या स्पीडमधे जेवढा फरक तेवढं तेल नुसतं घुसळलं जातं. मिक्सरमधे शेंगदाण्याची चटणी जास्त वेळ फिरवली की भांडं हाताला गरम लागतं ना, तसंच. हायवेला एका स्पीडने चालताना आतला लॉकअप क्लच बसतो, दोन्ही एकत्र फिरतात, घुसळण संपते आणि तेल थंड राहतं. म्हणून जळगाव-धुळे १०० ने गेलं तरी काही होत नाही आणि घाटात १५ ने चाललं की तापतं. साधारण ८० ते ९५ डिग्री म्हणजे ठीक. १२० च्या वर तेल काळं पडायला लागतं, आत वार्निशसारखा थर धरतो आणि त्याहून वर गेलं की रबरी सील कडक होतात. ढोबळ हिशोब असा सांगतात की नॉर्मलपेक्षा दर १० डिग्री वाढली की तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

घरी आल्यावर जळगावला ओळखीच्या फिटरकडे गेलो. हा माणूस मला फार आवडतो कारण तो आधी बघतो मग बोलतो. त्याने एका पांढऱ्या टिश्यूवर तेलाचे दोन थेंब सोडले आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. चांगलं तेल असेल तर लालसर डाग मोकळा पसरतो. माझा डाग तपकिरी, मधे काळा ठिपका, आणि पसरायला तयार नाही. मग गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उतरवला. आत जे चुंबक असतं त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, काजळासारखा, बोटाने पुसला तर निघाला. तो म्हणाला एवढं चालतं भो, चमकणारे तुकडे असते तर मी तुला तेल घालूच दिलं नसतं, गिअरबॉक्स खोलायला लावला असता. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पण खरी गोष्ट फाईलमधे सापडली. गाडी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने कुठेतरी तेल बदललं होतं आणि बिलावर लिहिलेलं डेक्सरॉन ३, हा जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा जुना तेलाचा नंबर. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट डब्ल्यूएस, हा टोयोटाचा नंबर. दोन्ही लालच! फरक रंगात नसतो, जाडीत आणि आतल्या रसायनात असतो. १०० डिग्रीला डेक्सरॉन ३ ची जाडी सव्वासात-साडेसात सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं माप) आसपास येते आणि डब्ल्यूएसची साडेपाचच्या आसपास. गिअरबॉक्सचे व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) त्या पातळ तेलाच्या हिशोबाने बनवलेले, लॉकअप क्लचची पकडसुद्धा त्याच्यावरच बेतलेली. चुकीच्या तेलाने लॉकअप नीट बसत नाही, ६०-७० च्या स्पीडला रंबलरवरून गेल्यासारखी थरथर येते. ती मला कित्येक महिने येत होती आणि मी टायर बॅलन्सिंग करत बसलो होतो. बरं डेक्सरॉन ३ चं लायसन्स देणं जीएमने २००६ च्या शेवटी बंद केलं, त्यामुळे आज बाटलीवर ते नाव दिसलं तर तो त्या तेलवाल्याचा स्वतःचा दावा आहे एवढंच समजायचं.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की ऊन जास्त तर तेल जाड पाहिजे. जुन्या डिझेल इंजिनसाठी ठीक असेल पण इथे अजिबात नाही करायचं. पुस्तकात जो नंबर असेल तोच. डब्ल्यूएस म्हणजे डब्ल्यूएस, मर्कॉन एलव्ही म्हणजे मर्कॉन एलव्ही, एसपी ३ म्हणजे एसपी ३. मल्टी व्हेईकल तेल घ्यायचंच झालं तर मागच्या लेबलवर आपला नंबर अक्षरशः छापलेला बघायचा, आणि अप्रूव्ह्ड लिहिलंय की नुसतं सूटेबल फॉर लिहिलंय तेही बघायचं. मी सूटेबलवाल्याच्या नादी लागत नाही, हजार-दीड हजार वाचवायला लाखाच्या वस्तूशी खेळ नको.

आणि लाईफटाईम फिल, म्हणजे हे तेल कधी बदलायचंच नाही, हा शब्द ऐकला की मला राग येतो. झेडएफ स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि तीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते. आपल्या उन्हात, घाटात, शेतात चालणाऱ्या गाडीला मी ५०-६० हजार धरतो. ड्रेन प्लग उघडला की सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमधे आणि कूलरमधे राहतं. एकूण १० लिटर असेल तर ४ निघतं. म्हणून आम्ही तीन वेळा केलं, दर वेळी चारेकशे किलोमीटर चालवून, तरी हिशोबाने २ लिटरच्या वर जुनं राहिलंच. लेव्हलही अंदाजाने नाही, या गाडीला तेल मोजायची डिपस्टिक नाही, इंजिन चालू ठेवून तेल साधारण ३५ ते ४५ डिग्री असताना लेव्हलच्या प्लगमधून बारीक धार थेंबावर येईपर्यंत थांबायचं. अचूक आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तकातला. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हे काम होणं मुश्किल, आम्ही सकाळी सहाला केलं.

तरी फिटरचं समाधान होईना. म्हणाला तेल चुकीचं होतं हे खरं पण एवढं तापायला नको. मग पुढची ग्रिल काढली आणि कारण समोर. माझ्या गाडीत गिअरबॉक्सचा कूलर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे आहे, त्याच्या जाळीत कापूस! दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रस्त्याने कापसाच्या गाड्या चाललेल्या असतात, जिनिंगच्या आजूबाजूला तर हवेतच तंतू, ते जाळीत अडकतात, वर धूळ बसते, वर एखादं केळीच्या पानाचं फाटकं, आणि पावसाच्या दोन थेंबांत त्याची गोधडी तयार होते. त्याने चिमट्याने ओढली तर तळहाताएवढा तुकडा सलग निघाला. हवा जाणार कुठून? प्रेशर वॉशर मारायचा नाही, पत्रे वाकतात, साध्या पाईपने इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी सोडायचं. आता दरवर्षी होळीच्या आधी ग्रिल काढून हे काम मी स्वतः करतो.

गेल्या महिन्यात पुन्हा तोच घाट चढलो, ओबीडीला (गाडीचे आकडे वाचायचं सॉकेट) ब्लूटूथ लावून मोबाईलवर तेलाचं तापमान बघत. हायवेला ८६, घाटात जास्तीत जास्त १०४, एसी चालू असताना.

वाळूचं राहिलं. गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात गाडी रुतली आणि चाकं फिरत नाहीत तरी ॲक्सिलरेटर दाबून धरला तर इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते, अर्ध्या मिनिटात तेलाचं काम तमाम होतं. रुतायच्या आधीच फोर लो (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर), टायरची हवा कमी, आणि अडकली की पाय काढून फावडं हातात घ्यायचं. डांबरावर मात्र पार्टटाईम फोर बाय फोर लावून फिरायचं नाही, ओढाताणीने ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, तापतो. त्याचं तेल वेगळं असतं, काहींत एटीएफ (हेच ऑटोमॅटिकचं तेल) आणि काहींत गिअर ऑइल, तेव्हा तोही नंबर पुस्तकात बघून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या.