चाळीस बिले आणि एक रक्कम

सोलापुरातील टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांना हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात दिवसाची सुरुवात अल्गोरिदमच्या, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीतीच्या, एका कोड्याने होते. कोडे फळ्यावर लिहायचे, संगणक न उघडता कागदावर सोडवायचे आणि कोडला हात घालण्याआधी किती पायऱ्या लागतील याचा अंदाज मांडायचा, एवढी शिस्त मी नव्या मुलांना घालून दिली आहे. या सरावाचा कामाशी काय संबंध, असे मला वारंवार विचारले जाते, आणि ते विचारणाऱ्याला मी मार्चअखेरचा एक दिवस सांगतो.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेबनीस काका थकीत बिलांची यादी घेऊन आले होते. परगावच्या व्यापाऱ्याने एकरकमी पैसे पाठवले होते, पण ते कोणत्या बिलांपोटी हे कळवले नव्हते, आणि तो फोनवरही सापडत नव्हता. "पोरी, चाळीस बिलं उघडी आहेत. बेरजा करून डोकं उठलं, मेळ काही बसेना," असे त्यांनी माझ्या तरुण सहकारी मुलीला सांगितले.

तिने आधी कागद ओढला. प्रत्येक बिल एक तर त्या रकमेत आहे किंवा नाही. म्हणजे दर बिलागणिक शक्यता दुप्पट होतात, चाळीस बिलांचे सुमारे 1 लाख 10 हजार कोटी गट होतात, आणि सेकंदाला 1 कोटी गट तपासले तरी 30 तासांहून अधिक वेळ जाईल. मग तिने यादीचे वीस-वीस बिलांचे दोन भाग केले. प्रत्येक भागातील गटांच्या बेरजा अवघ्या 10,48,576. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावायच्या, एक बोट पहिल्या यादीच्या सर्वांत लहान बेरजेवर आणि दुसरे दुसऱ्या यादीच्या सर्वांत मोठ्या बेरजेवर ठेवायचे. एकत्रित रक्कम कमी पडली तर पहिले बोट पुढे, जास्त झाली तर दुसरे मागे. ही युक्ती एलिस होरोविट्झ आणि सरताज साहनी यांनी 1974 मध्ये मांडली आणि आमच्या फळ्यावर ती आधी येऊन गेली होती. ओळख पटायला तिला फार वेळ लागला नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

प्रोग्रॅम काही सेकंदांत जुळण्या देऊ लागला, पण त्या थांबेनात. त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. 3, 5, 8 आणि 11 एवढ्या चार आकड्यांतूनही 16 ही बेरीज 5 व 11 अशी येते आणि 3, 5 व 8 अशीही येते. मग रुपयांत पूर्ण केलेल्या चाळीस बिलांत असे योगायोग किती असतील! कोड्यात उत्तर एकच आहे असे बहुधा सांगितलेले असते. खातेवहीत तसे कोणी लिहून ठेवत नाही.

तेव्हा तिने विचारले, "काका, हा व्यापारी पैसे देतो कसा?" काका म्हणाले, "बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर. एका बिल्टीचा माल उतरला की त्या बिल्टीची सगळी बिलं एकदम चुकती करतो. अर्धी कधीच नाही."

चाळीस बिले चौदा बिल्ट्यांत विभागलेली होती. "म्हणजे फक्त 16,384 गट," ती तोंडीच म्हणाली, आणि नुकताच लिहिलेला बराचसा कोड तिने पुसून टाकला. आता साध्या पद्धतीने प्रत्येक गट तपासणे पुरेसे होते. एकच जुळणी मिळाली, आणि संध्याकाळी व्यापाऱ्याने फोनवर तेच बिल क्रमांक वाचून दाखवले.

सरावाने तिला दोन गोष्टी दिल्या होत्या: अवघड वाट माहीत असणे, आणि ती कधी लागत नाही हे आकडा पाहून ओळखणे. यातली दुसरी मला अधिक मोलाची वाटते, कारण पाठांतराने ती येत नाही. मात्र बिल्टीची अट कोणत्याही कोड्यात सापडली नसती. ती काकांकडे होती. म्हणून आता फळ्यावर कोडे लिहिताना मी त्यातली एक अट मुद्दाम राखून ठेवतो, आणि मुलांनी ती माझ्याकडून विचारून काढल्यावरच कागदावर मांडणी सुरू होते.