ग्रॅपलिंग की एमएमए? माझा अनुभव

एकतिसाव्या वर्षी लढायला शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा मी दोन ठिकाणी एकेक तास करून पाहिला: आधी एमएमए, म्हणजे ठोसे-लाथांपासून पकडीपर्यंत सगळं चालणारा मिश्र लढतीचा खेळ; आठवड्याने ग्रॅपलिंग, म्हणजे ठोसे-लाथांशिवाय नुसत्या पकडींची झटापट.

एमएमएच्या तासाला ठोसे, लाथा, टेकडाउन (समोरच्याला जमिनीवर पाडणं), जमिनीवरची पकड, सगळं झालं. मजा आली, पण हाती काही लागलं नाही. हनुवटी झाकायची आठवण ठेवावी तर पाय चुकायचे. शेवटी हलकं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत होती. हलकाच ठोसा, पण नाकावर बसला की डोळे मिटतातच, आणि मिटल्या डोळ्यांनी काय शिकणार? रात्रभर डोकं ठणकत होतं. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी स्पारिंगला उभं करू नये, असं मला आजही ठामपणे वाटतं.

ग्रॅपलिंगला पहिला अर्धा तास एकच गोष्ट: कुशीवर वळायचं, पाय रोवायचा, कंबर मागे सरकवायची. याला श्रिंप म्हणतात. मग पाच मिनिटांचं रोलिंग, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झटापट. समोरची मुलगी माझ्याहून बरीच हलकी, पण मिनिटभरात माझ्या छातीवर बसलेली. घाबरून मी दोन्ही हातांनी तिला वर ढकललं. तिने त्यातला एक हात धरला, माझ्या चेहऱ्यावरून पाय टाकला आणि मागे झोपली. कोपर ताणलं जाताच मी तिच्या पायावर दोनदा थाप मारली, म्हणजे हार मानली. तिने त्याच क्षणी सोडलं. "हात लांब करू नकोस, कोपरं बरगड्यांशी ठेव," म्हणाली, आणि पुन्हा सुरू. आणखी दोनदा सापडले, पण तिसऱ्या खेपेला जरा जास्त टिकले.

माझं तिथेच ठरलं. थाप मारली की सुटका, त्यामुळे जवळजवळ पूर्ण ताकदीने झटता येतं आणि डोक्याला मार बसत नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला तेव्हा घातक डाव मोकळ्या सरावातून वगळले होते, तेही मुलांना खरोखर जोर लावून झटता यावं म्हणून. "खऱ्या मारामारीत ठोसे पडतात, तुझं हे काय कामाचं?" असं एक मित्र म्हणायचा. त्याला मी 1993 च्या पहिल्या यूएफसी या एमएमए स्पर्धेची आठवण करून द्यायचे. ऐंशीएक किलोच्या, ग्रॅपलिंगवर भर असलेल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना हार मानायला लावून.

त्रास इथेही आहेच. बोटांचे सांधे सुजतात, कान घासून जाड होतात. नखं कापलेली हवीत, आणि तास संपल्यावर लगेच आंघोळ, नाहीतर गजकर्ण होतं. मला दुसऱ्याच महिन्यात मानेवर झालं. बरं होईपर्यंत मॅटवर गेले नाही.

मित्राचं म्हणणं मात्र अर्धं खरं होतं, ते चौदा महिन्यांनी कळलं. आठवड्यातून एक दिवस एमएमएला जाऊ लागले. पाठीवर पडून, पाय समोरच्याच्या कमरेभोवती, ही माझी हक्काची जागा. तिथे मी निवांत पकड शोधत होते, तेवढ्यात कपाळावर ग्लोव्हची टपली बसली. मग दुसरी, तिसरी. आता तिथे गेले की आधी त्याचं डोकं माझ्या छातीशी ओढून घेते, एक मनगट पक्कं धरते, आणि मगच पुढचा डाव.